कान, नाव आणि किंमत
(विज्ञान व्याख्यानाचा मजकूर)

 

शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर ॲम्प्लिफायरचे काय काम, असा प्रश्न विषय वाचून काहींच्या मनात आला असेल. ॲम्प्लिफायर म्हणजे ध्वनिवर्धक. मायक्रोफोन, रेडिओ किंवा मोबाइल यांच्याकडून आलेला क्षीण विद्युत संकेत मोठा करून तो कर्ण्याला किंवा स्पीकरला पुरवणारे यंत्र. मशिदीतली अजान, शाळेतली प्रार्थना, लग्नातली सनई आणि निवडणुकीतले भाषण, सारे याच यंत्रातून आपल्या कानी पडते. तेव्हा यंत्र आपल्या ओळखीचे आहे. मला आज बोलायचे आहे ते त्याच्या परीक्षेविषयी. एका ॲम्प्लिफायरचा आवाज दुसऱ्यापेक्षा चांगला आहे, किंवा त्यातला एक भाग बदलल्याने आवाज सुधारला, असे कोणी म्हणाले तर ते खरे की खोटे कसे ठरवावे? प्रश्न लहान वाटतो, पण तो सोडवताना जे हाती लागते ते फार दूरवर उपयोगी पडते.

या क्षेत्रात गेली पन्नास वर्षे एक वाद चालू आहे. ॲम्प्लिफायरच्या पेटीत रेझिस्टर असतात, कपॅसिटर असतात (दुकानात त्याला कंडेन्सर म्हणतात), ट्रान्झिस्टर किंवा आयसी असतात, ट्रान्सफॉर्मर असतो. जुन्या यंत्रांत व्हॉल्व्ह असत. शौकिनांच्या यंत्रांत ते आजही असतात. यांपैकी एखादा भाग काढून त्याच मापाचा महागडा भाग बसवला तर आवाज बदलतो काय? एक पक्ष म्हणतो, बदलतो. आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. दुसरा पक्ष म्हणतो, मोजमापात फरक दिसत नाही, मग तो कानाला कसा कळेल?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, साधा कंडेन्सर काही रुपयांत मिळतो. त्याच मापाच्या, खास शौकिनांसाठी बनवलेल्या परदेशी कंडेन्सरला हजारो रुपये मोजणारी माणसेही जगात आहेत. असा कंडेन्सर बसवल्यावर ते सांगतात, "आवाजावरचा पडदा दूर झाला." हा माणूस खोटे बोलतो काय? मुळीच नाही. त्याला खरोखरच तसे ऐकू येते. त्याला ऐकू आलेला फरक कंडेन्सरमधून आला की अन्य कोठून, एवढाच प्रश्न आहे. याचा विचार करताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे माहिती. आपण नुसत्या कानांनी ऐकत नाही. कानाने आणलेल्या ध्वनीचा अर्थ मेंदू लावतो, आणि अर्थ लावताना त्याच्याजवळ जे जे असेल ते सर्व तो वापरतो. यंत्राचे नाव, त्याचे वजन, पुढच्या पट्टीचे ॲल्युमिनियम, मित्राने केलेली स्तुती, आणि मोजलेली किंमत. एकदा हजारो रुपये खर्च केले की कान अधिक लक्ष देऊन ऐकू लागतात. लक्ष देऊन ऐकले की त्याच जुन्या ध्वनिमुद्रिकेत तबल्याच्या शाईचा नाद प्रथमच जाणवतो. तो आधीही होताच. त्याचे श्रेय मात्र नव्या कंडेन्सरला मिळते.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. ध्वनीची पातळी डेसिबल या एककात मोजतात. स्पीकरला मिळणारा व्होल्टेज साधारण १२ टक्क्यांनी वाढला की पातळी १ डेसिबलने वाढते. एवढा किंवा याहून थोडा कमी फरक असला तर ऐकणाऱ्याला "आवाज मोठा झाला" असे वाटत नाही. "आवाज चांगला झाला, अधिक स्पष्ट झाला" असे वाटते. याला शास्त्रीय कारण आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज हळू असताना आपला कान खर्जाच्या सुरांना विशेष मंद असतो. पातळी किंचित वाढली की खर्ज अधिक भरदार लागतो. म्हणून दोन ॲम्प्लिफायरची तुलना करायची तर दोघांची पातळी एक दशांश डेसिबलच्या आत जुळवावी, म्हणजे व्होल्टेजमध्ये सुमारे १ टक्क्याहून अधिक फरक राहू देऊ नये, असा दंडक आहे. दुकानात हे कोणी करत नाही. जो ॲम्प्लिफायर थोडा मोठ्याने वाजतो तो विकला जातो.

तिसरी गोष्ट स्मरणाची. गाण्याची चाल आपल्याला वर्षानुवर्षे आठवते, पण ध्वनीचा बारीक पोत काही सेकंदांतच स्मरणातून विरू लागतो. कंडेन्सर बदलायचा म्हणजे यंत्र बंद करणे, पेटी उघडणे, सोल्डरिंग आयर्न तापवणे, जुना भाग काढणे, नवा जोडणे. यात अर्धा तास गेला. मग आपण नव्या आवाजाची तुलना कशाशी करतो? जुन्या आवाजाशी नव्हे, तर त्याविषयी मनात उरलेल्या कल्पनेशी.

या तिन्ही गोष्टींवर उपाय एकच आहे. नाव झाकावे, पातळी जुळवावी आणि क्षणार्धात अदलाबदल करता येईल अशी सोय करावी. यालाच झाकून घेतलेली श्रवणचाचणी म्हणता येईल. इंग्रजीत तिला ब्लाइंड टेस्ट म्हणतात. तिचा आजचा रूढ प्रकार ए-बी-एक्स या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० साली श्रवणपरीक्षेसाठी या नावाची पद्धत मांडली. पुढे १९७०नंतरच्या दशकात मिशिगन राज्यातील हौशी मंडळींनी ॲम्प्लिफायरच्या तुलनेसाठी खास पेटी तयार केली आणि त्यांच्यापैकी डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ साली तिच्यावर शास्त्रीय निबंध लिहिला.

रीत अशी. ए हा एक ॲम्प्लिफायर, बी हा दुसरा. एक्स हा त्या दोहोंपैकीच एक, पण कोणता ते गुप्त. ऐकणाऱ्याने ए ऐकावा, बी ऐकावा, एक्स ऐकावा; हवा तितका वेळ घ्यावा, हव्या तितक्या वेळा बदलून पाहावे, आणि अखेरीस कागदावर लिहावे की एक्स म्हणजे ए की बी. मग पुन्हा नाणे उडवून नवा एक्स ठरवावा. असे दहा, बारा, सोळा वेळा करावे. ध्यानात घ्या, येथे कोणता आवाज चांगला हे विचारलेलेच नाही. दोन वेगळे आहेत एवढेच ओळखायचे आहे. ज्याला "पडदा दूर झाला" इतका मोठा फरक ऐकू येतो, त्याला हे अवघड वाटू नये.

एक्सचे गुपित ऐकणाऱ्यापासून तर लपवायचेच, पण चाचणी घेणाऱ्यापासूनही लपवायचे. असे का, याचे उत्तर एका घोड्याने दिले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा गणिते सोडवतो म्हणून गाजला होता. उत्तर सात असेल तर तो खूर सात वेळा आपटी. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने १९०७ साली त्याची बारकाईने तपासणी केली. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असले तर घोड्याचे उत्तर बरोबर येई, नसले तर घोडा चुके. विचारणाऱ्याच्या मानेची नकळत होणारी सूक्ष्म हालचाल पाहून तो थांबत असे. यात फसवणूक कोणाचीच नव्हती. मालकही प्रामाणिक, घोडाही प्रामाणिक. जर घोड्याला एवढे कळते, तर "आता हा ऐका" म्हणताना दुकानदाराचा बदललेला स्वर गिऱ्हाइकाला का कळू नये? म्हणून दोन्ही बाजूंनी झाकलेली चाचणी हीच खरी चाचणी.

आता दैवाचा प्रश्न. ज्याला काहीच फरक कळत नाही असा माणूसही अंदाजाने निम्मी उत्तरे बरोबर देणारच. मग किती बरोबर आली म्हणजे खरे मानावे? याचा पाया घालणारे उदाहरण इंग्लंडमधील संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ सालच्या आपल्या ग्रंथात दिले. एक बाई म्हणत की कपात दूध आधी घातले की चहा आधी ओतला, हे त्यांना चवीवरून कळते. फिशर यांनी आठ कपांची योजना मांडली. चार एका रीतीचे, चार दुसऱ्या रीतीचे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. आठांतून चार कप निवडण्याच्या ७० रीती असतात, आणि त्यांतली एकच पूर्णपणे बरोबर. म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळे कप ओळखण्याचा संभव सत्तरात एक. एवढे जमले तर बाईंचे म्हणणे मानण्यास हरकत नाही.

हाच हिशोब ए-बी-एक्सला लावा. दहापैकी आठ किंवा अधिक उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याचा संभव सुमारे साडेपाच टक्के आहे. नऊ किंवा दहा येण्याचा संभव सुमारे एक टक्का. सोळापैकी बारा किंवा अधिक येण्याचा चार टक्क्यांहून किंचित कमी. येथे एक सापळा आहे, विद्यार्थ्यांनी तो नीट पाहून ठेवावा. शंभर माणसांना बसवले आणि कोणालाच फरक कळत नसला, तरी त्यांतल्या एखाद्याची दहापैकी नऊ उत्तरे बरोबर येण्याचा बराच संभव असतो. त्या एकाला पुढे करून "पाहा, याचे कान सोन्याचे आहेत" असे म्हणणे सोपे आहे. खरी रीत अशी की त्याच माणसाची पुन्हा चाचणी घ्यावी. कान सोन्याचे असतील तर दुसऱ्यांदाही तेच घडेल.

अशा चाचण्यांतून निघाले काय? इंग्लंडच्या क्वाड कंपनीचे पीटर वॉकर यांना ॲम्प्लिफायरच्या आवाजाविषयीच्या अलंकारिक वर्णनांचा कंटाळा आला होता. त्यांच्या कंपनीच्या एका व्हॉल्व्हच्या आणि दोन ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरची तुलना जेम्स मॉयर यांनी जाणत्या श्रोत्यांसमोर झाकून घेतली. वृत्तांत १९७८ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात आला. आपल्याला फरक कळतो अशी खात्री असलेल्या मंडळींना तो विश्वासार्हपणे ओळखता आला नाही. १९८७ साली अमेरिकेच्या 'स्टीरिओ रिव्ह्यू' मासिकाने २५ श्रोते आणि ६ ॲम्प्लिफायर घेऊन तशीच चाचणी छापली. त्यांत काहीशे डॉलरांच्या साध्या रिसीव्हरपासून हजारो डॉलरांच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरपर्यंत सारे होते. बरोबर उत्तरे निम्म्याच्या आसपासच आली, म्हणजे नाणे उडवले असते तरी जितकी आली असती तितकीच.

दरम्यान १९८५ साली बॉब कार्व्हर या अमेरिकन अभियंत्याने वेगळी वाट धरली. 'स्टीरिओफाइल' मासिकाच्या संपादकांना त्याने आव्हान दिले की तुमच्या पसंतीच्या महागड्या ॲम्प्लिफायरसारखा आवाज मी माझ्या स्वस्त ॲम्प्लिफायरमधून काढून दाखवतो. त्याने दोन्ही यंत्रांना एकच संगीत दिले आणि त्यांच्या निर्गमांची वजाबाकी करून उरलेला फरक तेवढा ऐकला. तो फरक जवळजवळ नाहीसा होईपर्यंत तो आपल्या यंत्रातले भाग बदलत राहिला. अखेर संपादकांनाही दोहोंत भेद सापडेना. ही काटेकोर झाकलेली चाचणी नव्हती, हे खरे. पण आवाजातल्या फरकाला मोजता येण्याजोगे कारण असते आणि ते कारण दूर केले की फरकही जातो, एवढे तिने दाखवले.

यावरून सगळे ॲम्प्लिफायर सारखेच, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोही घाईचा ठरेल. फरक असतो तेथे तो चाचणीत सापडतो आणि मोजमापातही दिसतो. एक उदाहरण हिशोबासह पाहू. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असते, पण त्याचा खरा रोध सुरागणिक बदलतो. कोठे ६ ओहम, तर कोठे ३० ओहम. व्हॉल्व्हच्या काही ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत रोध २ ओहमइतका असतो. अशा जोडीत काही सूर दुसऱ्यांपेक्षा सुमारे २ डेसिबलने पुढे येतात. हा फरक कानाला कळतो आणि काहींना तो मधुरही वाटतो. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा अंतर्गत रोध एक ओहमच्या विसाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहून कमी असतो; तेथे हाच फरक एक दशांश डेसिबलही भरत नाही.

कंडेन्सरचेही तसेच आहे. पुढच्या टप्प्याचा रोध १० हजार ओहम असता १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर १६ हर्ट्झपर्यंतचा खर्ज जाऊ देतो, पण ०.१ मायक्रोफॅरडचा बसवला तर १६० हर्ट्झखालचा खर्ज उतरू लागतो. हा फरक कोणीही ओळखील. जुना इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळला की यंत्र घुमू लागते. काही सिरॅमिक कंडेन्सर संकेताच्या मार्गात घातले तर आवाजात विकृती आणतात. ॲम्प्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर वाजवले तर त्याचा आवाज फाटतो. तेव्हा भाग बदलल्याने आवाज सुधारूच शकत नाही असे नाही. चुकीचा, अपुरा किंवा वाळलेला भाग बदला, आवाज निश्चित सुधारेल. प्रश्न उरतो तो योग्य मापाच्या निर्दोष भागाच्या जागी त्याच मापाचा महाग भाग बसवण्याचा. तेथे नाव झाकले की फरक बहुधा नाहीसा होतो.

चाचणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. "फरक आढळला नाही" आणि "फरक नाहीच" ही दोन वेगळी विधाने आहेत. चाचणी सांगते ती एवढेच की या श्रोत्यांना, या खोलीत, या स्पीकरवर, या संगीतात फरक ओळखता आला नाही. स्वीडिश रेडिओने डिजिटल ध्वनी आक्रसण्याच्या पद्धतींची मोठी चाचणी घेतली होती. तिच्यात पसंत ठरलेल्या पद्धतीत १९९१ साली बार्ट लोकांथी या जाणकाराला सुमारे १५०० हर्ट्झचा एक बारीक सूर ऐकू आला. इतक्या श्रोत्यांच्या तो ध्यानात आला नव्हता. त्याने दाखवून दिल्यावर मात्र इतरांनाही ऐकू येऊ लागला. म्हणून श्रोत्यांना काय ऐकायचे याची आधी तालीम द्यावी, आणि एखादा एकटा माणूस काही वेगळे सांगू लागला तर त्याला हसू नये. त्याला चाचणीला बसवावे.

हा प्रयोग आपल्या शाळेत, कनिष्ठ महाविद्यालयात किंवा तंत्रशिक्षण विभागात सहज करता येतो. एकाच आराखड्याचे दोन छोटे ॲम्प्लिफायर तयार करा. एकात साधा कंडेन्सर, दुसऱ्यात महाग. दोन्ही कंडेन्सरचे माप मीटरने तपासून घ्या. मोबाइलवरून एक स्थिर सूर वाजवा आणि स्पीकरच्या टोकांवरचा व्होल्टेज मल्टिमीटरने मोजून दोहोंची पातळी १ टक्क्याच्या आत आणा. स्वस्त मल्टिमीटर उंच सुरांवर चुकतात, म्हणून सूर ४०० हर्ट्झहून अधिक नसावा. अदलाबदलीचा रिले किंवा स्विच स्पीकरच्या दोन्ही तारा बदलणारा हवा, कारण आजच्या अनेक ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरची ऋण तार जमिनीला जोडलेली नसते. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असेल तर तो स्पीकर किंवा योग्य रोध जोडल्याशिवाय चालू ठेवू नये. विजेच्या जोडणीच्या वेळी शिक्षक जवळ असावेत.

एका विद्यार्थ्याने नाणे उडवून एक्स जोडावा, नोंद करून पाकिटात घालावी आणि खोलीबाहेर जावे. ज्याला ती नोंद ठाऊक नाही अशा दुसऱ्याने आत येऊन चाचणी घ्यावी. जोडणीवर कापड टाकलेले असावे. फेऱ्या किती आणि किती बरोबर आल्यावर फरक मानायचा, हे आधीच फळ्यावर लिहावे. सोळा फेऱ्या आणि बारा उत्तरे हे प्रमाण ठीक आहे. मध्येच निकाल पाहू नये आणि मनासारखे होताच थांबू नये. आणखी एक खबरदारी म्हणजे मुद्दाम १ ते २ डेसिबलचा फरक ठेवून एक चाचणी आधी घ्यावी. तो फरक मुलांनी ओळखला तर आपली मांडणी फरक पकडू शकते एवढे सिद्ध होते. जो तराजू ठाऊक असलेले वजनही दाखवत नाही, त्याच्या शून्यावर विश्वास कसा ठेवायचा?

शौकीन मंडळी पुष्कळदा अशा चाचणीला राजी नसतात. आमच्या कानांवर अविश्वास, हा आमचा अपमान, असे त्यांना वाटते. यावर आपल्या परंपरेतली एक कथा सांगण्याजोगी आहे. इमाम बुखारी (रहमतुल्लाह अलैह) बगदादला आले तेव्हा तेथल्या विद्वानांनी शंभर हदीस घेतल्या, त्यांच्या सनदी, म्हणजे कथन करणाऱ्यांच्या साखळ्या, एकमेकींत मिसळल्या आणि दहा जणांकरवी दहा-दहा हदीस त्यांच्यासमोर मांडल्या, असे सांगतात. इमामसाहेब प्रत्येकीला "मला ही माहीत नाही" एवढेच म्हणत राहिले. शंभर पुऱ्या झाल्यावर त्यांनी प्रत्येक हदीस तिच्या खऱ्या सनदीसह क्रमाने सांगितली. नावलौकिक मोठा होता, तरी परीक्षा घेतली गेली. आणि ज्याच्याजवळ ज्ञान होते त्याची प्रतिष्ठा परीक्षेने वाढलीच.

दुसरे स्मरण इब्न अल्-हैसम यांचे. दहाव्या शतकात बसरा येथे जन्मलेल्या या विद्वानाने प्रकाश आणि दृष्टी यांवर 'किताब अल्-मनाझिर' हा महान ग्रंथ लिहिला. टॉलेमीच्या लेखनावर शंका उपस्थित करताना त्यांनी म्हटले आहे की सत्याचा शोध घेणाऱ्याने थोरांच्या लेखनाचीही छाननी करावी, आणि ती करताना स्वतःवरही संशय ठेवावा, म्हणजे पूर्वग्रह किंवा ढिलाई शिरणार नाही. झाकून घेतलेली चाचणी म्हणजे स्वतःवरच्या या संशयाला दिलेले यंत्ररूप आहे. तिच्यात माणसाच्या प्रामाणिकपणावर संशय नसतो. प्रामाणिक माणसालाही नाव आणि किंमत फसवतात, हे तिने गृहीत धरलेले असते.

मित्रहो, आता या सगळ्याचा आपल्याशी असलेला संबंध सांगतो आणि थांबतो. बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर तुमचे नाव नसते, बैठक क्रमांक असतो. तीही झाकून घेतलेली चाचणीच आहे. अमेरिकेतील अनेक वाद्यवृंदांनी १९७० आणि १९८०च्या दशकांत उमेदवारांना पडद्याआड वाजवायला लावण्यास सुरुवात केली, कारण वाजवणारा पुरुष की स्त्री हे दिसले की परीक्षकांच्या कानांत फरक पडत होता. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले; फरक ठेवला तो फक्त नावात. त्यांचा निबंध २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये प्रसिद्ध झाला. दलित नावाच्या आणि मुस्लिम नावाच्या अर्जदारांना बोलावणे येण्याचा संभव उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जदारांपेक्षा बराच कमी आढळला. अर्ज वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण मनापासून म्हणतील की आम्ही भेद केला नाही, गुण पाहिले. कंडेन्सर बसवणारा शौकीनही हेच म्हणत होता की मी किंमत पाहिली नाही, आवाज ऐकला.

म्हणून आपल्या संस्थेतल्या विद्यार्थ्याने ही रीत दोन्ही हातांनी धरावी. आपल्याला न्याय हवा तेथे नाव झाकून गुण पाहण्याची मागणी आपण निर्भयपणे करावी. आणि निकाल देण्याची पाळी आपल्यावर येईल तेव्हा, मग ती शिष्यवृत्ती देताना असो, शिक्षक नेमताना असो, वक्तृत्वस्पर्धेत असो की घरात सून पसंत करताना असो, आपणही आधी विचारावे की मी गुण ऐकतो आहे की नाव ऐकतो आहे. दुसऱ्याच्या कानाची परीक्षा मागणाऱ्याने आपला कानही पुढे केला पाहिजे.

येत्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दोन ॲम्प्लिफायर, एक कापड आणि एक नाणे एवढे साहित्य मांडलेले दिसावे, अशी इच्छा व्यक्त करतो. निकाल काहीही लागो. मुलांनी तो सोळा फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत पाकिटातून काढू नये, एवढीच विनंती.